‘मी जातो’ आणि बोटीवरची दोन दारं

तारीख चार जानेवारी. ठरलेली रक्कम अठरा हजार रुपये, पैकी पाच हजार त्याच दिवशी आगाऊ. हजर माणसं पाच: मी, माझी बायको, माझी आई, आमचं सोळा वर्षांचं एकुलतं एक लेकरू आणि बोटीचा ठेकेदार. जागा भंडाऱ्यातल्या आमच्या घराची पुढची खोली. इथे वडिलांच्या वेळी माग होता, आता माझ्या दुकानातल्या लुगड्यांचे गठ्ठे असतात.

आईला पंचाहत्तरावं लागत होतं. तिला ना साडी हवी होती, ना केक. वैनगंगेच्या पुलावरून जाताना तिने धरणाच्या तुंबलेल्या पाण्यावर एक दोन मजली बोट पाहिली होती. ‘मले त्याच्यात बसाचं हाय,’ एवढंच ती म्हणाली, म्हणून सगळ्या नातेवाइकांसाठी आम्ही पूर्ण बोटच ठरवली. बोटीवर ‘फॅमिली क्रूझ’ असं लिहिलेलं आहे. समुद्रावरच्या क्रूझमध्ये काय काय असतं मला माहीत नाही. आमच्याकडची क्रूझ सकाळी दहाला निघते आणि चारला परत येते. डिझेल ठेकेदाराचं, जेवण आपलं. मधे कुठे उतरता येत नाही.

ठेकेदार चहा पीत बसला असताना मी त्याला विचारलं, ‘संडास किती?’

‘दोन. एक जेंट्स, एक लेडीज.’

‘आत किती सीटा?’

‘एक-एक.’

‘कडी आतून लागते बरोबर?’

त्याने कप खाली ठेवला. ‘शेठ, तुम्ही बोट भाड्यानं घेऊन राहिले का विकत घेऊन राहिले?’

आई हसली. लेकरू हसलं नाही. माझे प्रश्न त्याच्यासाठी होते, हे त्याला कळत होतं.

आमच्या लेकराच्या जन्मदाखल्यावर मुलगी असं लिहिलेलं आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने आम्हाला बसवून सांगितलं की तो मुलगी नाही, मुलगा आहे. नागपूरच्या एका डॉक्टरीणबाईंनी आम्हाला ट्रान्सजेंडर हा शब्द नीट समजावून सांगितला. मी कापडाच्या धंद्यातला माणूस, हातात धरून पाहिल्याशिवाय मला काही लवकर कळत नाही. वेळ लागला. पण मी ‘तो’ म्हणायला लागलो, आणि इथेही ‘तो’च लिहिणार आहे.

त्यात एक गंमत झाली होती, ती आधी सांगतो. आमच्या भागात जुन्या बाया बोलताना ‘मी जाते’ म्हणत नाहीत. माझी आई ‘मी जातो’ म्हणते, ‘मी येतो’ म्हणते. एकोडी, सिहोरा अशा गावांकडच्या बायाही तशाच बोलतात. ‘जाते, येते’ शाळेत शिकवतात आणि ते पुस्तकातच राहतं. त्यामुळे आमच्या लेकराने जेव्हा मनाशी ठरवून ‘मी जातो’ म्हणायला सुरुवात केली, तेव्हा घरात कित्येक महिने कोणाच्या लक्षातच आलं नाही. त्याला वाटलं, आम्ही न बोलता मान्य केलं. आम्हाला वाटलं, आजीची सवय लागली.

आता संडासाचं. आदल्या वर्षी शाळेची सहल गेली होती. मुलींच्या संडासात त्याला जायचं नव्हतं, मुलांच्या संडासात मास्तर जाऊ देईनात. त्याने दिवसभर पाणीच प्यायलं नाही आणि लघवी दाबून धरली. घरी आला तो थंडी वाजून ताप घेऊन. लघवीच्या मार्गात जंतू झाले होते. तो बरा झाला, पण डॉक्टरांनी बजावलं की परत असं झालं तर मूत्रपिंडावर येईल. भरपूर पाणी प्यायचं आणि दाबून धरायचं नाही. घरात तो हे पाळतो. बाहेर जायचं असलं की सकाळपासून पाणी बंद. म्हणून मी ठेकेदाराला सीटा विचारत होतो.

ठेकेदार गेल्यावर तो म्हणाला, ‘बाबा, मी येतो. आजीचा दिवस हाय. पन मी पानी नाही पेनार.’

‘सहा तास?’ माझी बायको म्हणाली. ‘घरचीच मानसं हायेत न रे. बायांच्यात जाय. दोन मिनिटाचं काम हाय.’

‘आई, एकोडीच्या मामीनं मले दोन वर्षांत पाहिलं नाही. केस पाहून म्हनन, अरे बाबू, इकडं बायांचं हाय. पुरुषाच्यात गेलो त आत्याच्या घरचे काका म्हनतीन, अगं पोरी, तिकडं. दोन्ही दारावर कोनी न कोनी विचारनारच. साऱ्यायच्या समोर.’

‘मग घरीच राय.’ ती चिडून म्हणाली, आणि लगेच तिचे डोळे भरले.

आई खुर्चीत लसूण सोलत बसली होती. या विषयावर ती कधीच बोलली नव्हती, बरं नाही आणि वाईटही नाही. तिला किती कळलं आहे याचा मला अंदाज नव्हता.

आईच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी मी धक्क्यावर जाऊन बोट पाहिली. मागच्या टोकाला दोन संडास शेजारी शेजारी होते. एकाच मापाचे, एकाच प्लायवूडचे, आत एक-एक सीट, एक-एक नळ, एक-एक कडी. दोन्ही कड्या मी लावून पाहिल्या, घट्ट होत्या. फरक फक्त दारावर. डाव्या दारावर फेटा आणि मिशा असलेलं तोंड रंगवलेलं, उजव्या दारावर कुंकू आणि नथ असलेलं. दोन खोल्यांत काहीच फरक नाही आणि माझं लेकरू त्या दोन चित्रांच्या भीतीने आजारी पडणार, हे मला हिशेबात बसेना.

मी ठेकेदाराला म्हटलं, ‘उद्याचा दिवस ही तोंडं झाका. ज्याला जे रिकामं दिसेल तिथे तो जाईल.’

‘कायले?’

‘बाया एकोणीस आहेत, पुरुष तेरा. बायांची रांग लागणार.’ हे खरं होतं. पूर्ण नव्हतं, पण लेकराची गोष्ट मी त्याच्या परवानगीशिवाय धक्क्यावर सांगणार नव्हतो.

‘कागद चिपकवा तुमचे तुम्ही. पन पेंट खराब झाला त भरून द्याचा.’

मी दुकानातून दोन जाड कागद आणले, दोन्हींवर मोठ्या अक्षरात ‘शौचालय’ लिहिलं आणि लाकडाच्या गोंदाने चिकटवले. घरी येऊन लेकराला सांगितलं. त्याने विचारलं, ‘टिकतीन?’ मी म्हटलं, ‘गोंद पक्का आहे.’

गोंद पक्का होता, कागद नव्हता. बोट सुटून अर्धा तास झाला नसेल, वारा आणि मागून उडणारं पाणी यांनी कागद भिजले, फाटले आणि एकामागून एक उडून गेले. गोंदाला चिकटलेल्या चिंध्या तेवढ्या राहिल्या, आणि त्यांच्यामधून एकीकडे मिशा आणि दुसरीकडे नथ परत दिसायला लागली. मी मागे वळून पाहिलं. लेकराने ते माझ्या आधीच पाहिलं होतं. त्याने हातातली पाण्याची बाटली, जिचं झाकणही उघडलं नव्हतं, पिशवीत ठेवून दिली.

बाकी सगळं छान चाललं होतं. आई नव्या लुगड्यात पुढच्या खुर्चीवर बसून पाण्याकडे पाहत होती आणि मधेच कोणाला तरी सांगत होती की बोटीपेक्षा तिचा माग जास्त हलायचा. एकोडीच्या मामींनी लेकराला पाहिलं, थोडा वेळ पाहतच राहिल्या, मग म्हणाल्या, ‘उंच झालं वं लेकरू,’ आणि दुसऱ्या विषयावर गेल्या. माझ्या बहिणीचे यजमान, सिहोऱ्याचे भाऊजी, निवृत्त शिक्षक आहेत, मराठी शिकवायचे. ते मात्र दोनदा म्हणाले, ‘केस का कापले गं एवढे?’ तो खांदे उडवून बाजूला झाला.

बारा वाजता जेवणं झाली. लाखोळीच्या डाळीचे वडे, वडा-भात, वांग्याची भाजी. त्याने एक वडा खाल्ला आणि ताट सरकवलं. तिखट-मीठ खाल्लं की तहान लागते. ऊन चढलं होतं. त्याचे ओठ सुकलेले मला दिसत होते. माझी बायको बाटली घेऊन त्याच्याजवळ गेली आणि तशीच परत आली. निघून दोन तास झाले होते, चार बाकी होते. ठेकेदाराला सांगून बोट लवकर वळवावी का, असा विचार मी करत होतो. आईला काय कारण सांगायचं, ते सुचत नव्हतं.

जेवणानंतर बायांची रांग लागली, सात-आठ जणी. डाव्या दाराशी कोणीच नव्हतं. आई खुर्चीतून उठली, गुडघ्यावर हात ठेवून, आणि मोठ्याने म्हणाली, ‘मी जातो.’

ती रांगेच्या शेवटी उभी राहिली नाही. सरळ चालत गेली आणि मिशावालं दार उघडलं.

वरून ठेकेदार ओरडला, ‘ओ आजी! ते पुरुषायचं हाय!’

‘कोन म्हनते?’

‘मिशा काढल्या हायेत न त्याच्यावर!’

‘मिशा मले बी हायेत आता थोड्या. जवळ येऊन पाय.’

बोटीवर हशा झाला. आई दारात उभी राहून पुढे बोलली, ‘आन् मी काय म्हनलं? मी जातो म्हनलं. जाते म्हननारी तिकडं जाईन. जातो म्हननारा इकडं जाईन. सोपं हाय.’ मग आत गेली आणि कडी लावली.

रांगेतल्या एकोडीच्या मामी म्हणाल्या, ‘अवं, मंग आमी बी त जातोच म्हनतो!’

‘तू काय म्हनतं वं?’ मागच्या बाईने पुढचीला विचारलं.

‘मी बी जातोच म्हनतो. माही सासूबी जातोच म्हने.’

‘मंग हो न पुढं, मिशावाल्या!’

अर्धी रांग हसत हसत डाव्या दाराकडे सरकली. भाऊजी खुर्चीतून म्हणाले, ‘चाळीस वर्षं मुलींना जाते-येते शिकवलं मी. सगळं पाण्यात गेलं.’

‘पान्यातच हावो न आपन,’ माझी बहीण म्हणाली.

आई बाहेर आली. आता डाव्या दाराशी चार बाया आणि उजवं रिकामं, असं झालं. तेवढ्यात भाऊजींनाच जायची वेळ आली. ते उठून डाव्या दाराशी गेले, रांग पाहिली आणि परत फिरायला लागले.

‘जवाईबुवा,’ आई म्हणाली, ‘तिकडलं रिकामं हाय. जाते म्हना अन् जा.’

भाऊजी उजव्या दाराकडे वळले. ‘म्हणावंच लागते का?’

‘म्हनल्याशिवाय कसं?’

साठी उलटलेला, मराठीचा निवृत्त शिक्षक, बत्तीस माणसांसमोर बारीक आवाजात ‘मी जाते’ म्हणाला आणि नथीच्या दारातून आत गेला. टाळ्या पडल्या. त्यानंतर दारांना कोणी विचारलंच नाही. जे उघडं दिसेल त्यात माणसं जाऊ लागली. काही जण गंमत म्हणून ‘जातो’, ‘जाते’ म्हणत होते, मग तेही थांबलं.

मी लेकराकडे पाहत नव्हतो, मुद्दाम. पण झाकण उघडल्याचा आवाज ऐकला. त्याने अर्धी बाटली एका दमात संपवली. मग आजीच्या खुर्चीशेजारी जाऊन बसला आणि उरलेली हळूहळू प्यायला. दोनच्या सुमारास तो उठला.

‘मी जातो,’ तो म्हणाला, नेहमीच्या आवाजात.

‘जाय,’ आई पाण्याकडे पाहत म्हणाली.

तो गेला. कोणत्या दारातून गेला ते मला माहीत नाही, कारण मधे एकोडीच्या मामी उभ्या होत्या आणि त्यांनीही मान वळवली नाही. परत आला तेव्हा त्याने पिशवीतून दोन वडे काढून खाल्ले आणि माझ्या बाटलीतलंही पाणी प्यायलं.

धक्क्यावर उतरताना मी आईचा हात धरला होता. मी हळूच विचारलं, ‘आई, तू त्याच्यासाठी केलंस ना?’

‘काय केलं?’

‘ते, दाराचं.’

‘मले लागली होती,’ ती म्हणाली. ‘आठ बायांच्या मागं उभं राहाचं वय हाय का माहं?’ पायरी उतरून झाल्यावर पुन्हा बोलली, ‘बाटली सकाळपासून भरलेलीच होती त्याची. मी काय आंधळा हावो?’

ठेकेदाराला उरलेले तेरा हजार मी तिथेच मोजून दिले. त्याने ते घेतले आणि मला बोटीच्या मागच्या टोकाला नेलं. गोंदाखालचा रंग पोपडे धरून निघाला होता. मिशांची एक बाजू गेली होती, नथ पूर्ण गेली होती.

‘भरून द्याचं ठरलं होतं,’ तो म्हणाला.

‘देतो. पण मग परत तोंडं रंगवू नका, नुसतं शौचालय लिहा.’

‘ज्याले वाचता येत नाही त्यानं काय कराचं, शेठ? तोंड पायजेच.’ आजीचं बोलणं त्याने वरून ऐकलं होतं आणि रांग कशी लवकर सरली तेही पाहिलं होतं. ‘असं करा. दोन्ही दारावर दोन्ही तोंडं रंगवून टाका. ज्याले जे रिकामं दिसन.’

पुढच्या आठवड्यात मी भंडाऱ्याहून एक पेंटर घेऊन गेलो. लेकरू सोबत आलं. पेंटरने भाव दारामागे सांगितला नाही, तोंडामागे सांगितला: एका तोंडाचे दीडशे. काम संपेपर्यंत लेकरू पायरीवर बसून पाहत होतं, बाटली बाजूला होती आणि तिच्यात तळाशी थोडंसंच पाणी होतं. एका फेट्याचा रंग जरा फिका झाला, तो त्याने पेंटरला परत मारायला लावला.

ठेकेदाराला एकूण अठरा हजार. पेंटरला चार तोंडांचे सहाशे, रोख.