आमच्या घरातलं रक्त

ताराक्का गेली त्याला दीड महिना झाला. ती माझी थोरली बहीण. ‘बाळंत झाली, मुलगी आहे, पण अंगावरून फार जातंय,’ असा बार्शीहून सांगावा आला, तेव्हा मी येरमाळ्याच्या शाळेत शिकवत होतो. तसाच उठून घरी गेलो, मग येडशी गाठून बार्शीची छोटी रेल्वेगाडी धरली. घरून निघताना आईनं लाडू दिले आणि दारातच पुन्हा बजावलं, “तिकडं तोंड उघडू नको.”

काय उघडायचं नव्हतं ते सांगतो. लहानपणी अक्काच्या नाकाचा घोळणा फुटायचा तो तासन् तास थांबायचा नाही. आई कांदा फोडून हुंगवायची, डोक्यावर पाणी ओतायची, आणि अक्का मान मागं टाकून मलाच वेडावून दाखवायची. आमच्या मामाची दाढ न्हाव्यानं उपटली, रक्त थांबेना आणि तिसऱ्या दिवशी मामा गेला. गावानं भूतबाधा ठरवली. आईला खरं ठाऊक होतं, कारण तिचंही रक्त असंच लवकर थांबायचं नाही. पण पोरी उजवायच्या होत्या. “झाकली मूठ सव्वा लाखाची,” ती म्हणायची. मूठ झाकूनच अक्काचं लग्न झालं.

सुगी सरली की इकडं हाताला काम नसतं. अक्का आणि दाजी दरवर्षी निजामाची हद्द ओलांडून बार्शीच्या जिनिंगमध्ये जायचे. कापूस निवडताना अक्का नाकातोंडाला फडकं बांधायची. बायकांना वाटायचं, तूस नाकात जाऊ नये म्हणून. खरं तर कापसावर रक्त सांडलं तर मुकादम हाकलून देईल ही तिची धास्ती. हे तिनं मला हसत हसत सांगितलं होतं… मीही हसलो होतो.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. दाजींनी दोनदा निरोप धाडला. आईनं कळवलं, सीझन संपू द्या, मग आणू. आमच्या घरी बाळंत झाली असती तर गल्लीतल्या बायकांनी तिच्या अंगावरून जाणं पाहिलं असतं, आणि धाकट्या शेवंताचं लग्न ठरत होतं. म्हणून अक्का जिनिंगमागच्या पत्र्याच्या खोलीत बाळंत झाली. आईचं हे मला पटलं नव्हतं, पण मी गप्प बसलो.

मी पोचलो तेव्हा दुसऱ्या दिवशीची सकाळ होती. बाजेखाली शेगडी, दाराला पोतं. सुईण रक्तानं भिजलेली लुगडी बाहेर आणत होती. आम्हां पुरुषांकडं न पाहताच म्हणाली, “घाण जातीया, जाऊ द्या. आत ऱ्हायली तर अंगावर उठंल.” आमच्याकडं सगळ्या बाळंतिणींना हेच सांगतात, आणि बहुतेकजणी वाचतात. दाजींना राहवेना. “गुरुजी, तुमच्यात कुणाचं असं झालंतं का? तसं आसंल तर बैलगाडी सांगतो, दवाखाना काय लांब न्हाय.”

मी म्हणालो, “नाही.”

दुपारी मला आत बोलावलं. अक्का कागदासारखी पांढरी झाली होती. मुलीकडं पाहत हळूच म्हणाली, “आईला सांग, म्या कुणाला काय बोलले न्हाय.” चार वाजायच्या आत ती गेली. दवाखान्यात तरी वाचली असती का, कुणास ठाऊक. पण दाजींनी गाडी जुंपली असती, एवढं नक्की.

शेवंताचं लग्न ठरलंय. कडेवर अक्काची मुलगी घेऊन ती घरभर फिरते, आणि पोरगी रडली की नाक आधी पाहते. ही सवय अक्काची; शेवंता लहानपणी रडली की तीही आधी नाकच पाहायची. मुलाकडच्यांना आईनं काही सांगितलेलं नाही. मी हे मासिकासाठी लिहितोय ते कळल्यापासून ती माझ्या हातचं पाणी घेत नाही. शेवंताला मी विचारलंही नाही. हा अंक गावात पोचेल, कुणीतरी पारावर मोठ्यानं वाचेल, आणि तिचं लग्न मोडेल. मोडू दे.