'ॲक्टिंग' मॅनेजर आणि इतर मंडळी

दुबईत जबल अलीच्या आमच्या लॉजिस्टिक्स कंपनीत कृष्णवर्णीय सहकाऱ्यांचा एक ग्रुप आहे. एचआरचा माणूस म्हणून त्यांना लागेल ती मदत करायची, हे माझं काम. मदत किती झाली देव जाणे, पण हल्ली चहाला बसलं की लोक आधी विचारतात, "मिलिंद, ग्रुपमधलं नवीन काय?"

*

पहिल्या मीटिंगला मी हौसेने बॅनर लावला: 'वेलकम आफ्रिका!'

अकाउंट्समधली नैरोबीची ग्रेस त्याच्यासमोर थांबली. "मिलिंद, तू जॉइन झालास तेव्हा 'वेलकम एशिया' लावलं होतं का रे?"

बॅनर खलास!

*

एकदा ग्रेसने डबा उघडला. मी म्हटलं, "अरे वा, आमची चपाती!"

"तुमची? चपाती आमची! केनियात सणाला नसली तर पाहुणे रुसतात. तुमच्याकडे?"

"रोज डब्यात असते."

"तरीच तुम्हाला तिची किंमत नाही!"

*

लागोसचा सॅम्युअल अख्खं वेअरहाऊस सांभाळायचा, पण तीन वर्षं नुसताच 'ॲक्टिंग मॅनेजर'. विचारलं की उत्तर ठरलेलं, "इन्शाल्ला, पुढच्या वर्षी." शेवटी ग्रुपने जीएमची वेळ घेतली. मी चाळीस स्लाइड्स करून गेलो. लॅपटॉप सुरू होईपर्यंत ग्रेस बोलून मोकळी, "सर, तीन वर्षं ॲक्टिंग करतोय तो. आता पोस्ट तरी द्या, नाहीतर अवॉर्ड!"

आठवड्यात सॅम्युअलच्या हातात लेटर. माझ्या स्लाइड्स अजून कुणी पाहिलेल्या नाहीत.

*

मग मुंबईचा एक क्लायंट आला. गेटजवळ सॅम्युअल दिसताच त्याच्या हातात बॅग देऊन म्हणाला, "भैया, मॅनेजर का केबिन?"

सॅम्युअलने बॅग उचलली, त्याला केबिनमध्ये नेलं, बसवलं, पाणी दिलं. मग टेबलाला वळसा घालून स्वतःच्या खुर्चीत बसला.

"यस सर, बोला."

क्लायंट दोन ग्लास पाणी प्यायला!

*

गेल्या महिन्यात ग्रेस आमच्या अल बर्शाच्या घरी जेवायला आली. साताऱ्याहून आई आली होती. आई स्वतः चांगलीच काळी. लग्न ठरवताना तेवढ्यावरून तीन स्थळांनी नकार दिलेला. तरी ती माझ्या बायकोच्या कानात कुजबुजलीच, "पोरगी गोड आहे, पण किती काळी गं!"

आमची आठ वर्षांची इरा मोठ्याने म्हणाली, "ग्रेस आंटी, आजी सेज यू आर व्हेरी डार्क!"

मी घाईघाईने ग्रेसच्या ताटात आणखी एक चपाती वाढली.

ग्रेसने शांतपणे आपला हात टेबलावर आईच्या हाताशेजारी ठेवला. दोन्ही हात नीट निरखले. इराला म्हणाली, "आजीला सांग, आमच्या ग्रुपमध्ये जागा आहे."

इराने सांगितलं. आईनेही त्या दोन हातांकडे पाहिलं. मग मला म्हणाली,

"मिलिंदा, मीटिंग किती वाजता असते रे?"