बिननंबरच्या गाडीचा विमा

फौजेतून निवृत्त झाल्यावर आमच्या ह्यांनी सांगलीत, विश्रामबागच्या घरात पहिले काही महिने पंख्याकडे बघत काढले. कुकरच्या शिट्ट्या मोजायचे आणि एखादी जास्त झाली की आतून ओरडायचे. म्हणून पाटणच्या वर, त्यांच्या गावच्या माळावर, पाहुण्यांसाठी खोल्या बांधायचं त्यांनी काढलं तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली. पण खोल्यांना रंग लागायच्या आधीच टेम्पोतून ती गाडी उतरली. जाडजूड चाकं, शेजारीशेजारी दोन खुर्च्या, वर लोखंडी पिंजरा, मागे सामानाला हौदा. ओढ्यातून जाते, डोंगर चढते, पाहुण्यांनी ती चालवायची आणि खूश व्हायचं, अशी योजना होती.

"आणि पाहुणा उलटून पडला तर?" मी विचारलं.

"अगं, बर्फात ट्रक चालवलेत मी."

"तुम्ही चालवलेत. पाहुण्यानं चालवलेत का?"

विम्याशिवाय एकही पाहुणा त्या गाडीत बसणार नाही, असं मी सांगून टाकलं. सांगताना हेही दिसत होतं, की पाहुणे आले नाहीत तर हे परत पंख्याखाली येणार. तो पंखा मला पुन्हा नको होता.

मग सुरू झाल्या सांगलीतल्या विमा कचेऱ्यांच्या पायऱ्या. पहिल्या ठिकाणी विचारलं, "गाडीचा नंबर?" नंबर नसतो, ही रस्त्यावर न्यायचीच नसते, असं आम्ही सांगितलं. नंबर नाही तर गाडीचा विमा नाही, विषय संपला. दुसऱ्या ठिकाणचे साहेब जरा दयाळू. यंत्र म्हणून विमा उतरवू म्हणाले, चोरी आणि आग दोन्ही त्यात येईल. आणि आत बसलेला माणूस? "माणूस यंत्रात येत नाही, मॅडम." माझं डोकंच फिरलं. त्यात कुंडलहून, माझ्या माहेरचा, ओळखीचा एक एजंट घरी आला आणि म्हणाला, "ट्रॅक्टर म्हणून लावू की ताई, कोण बघायला येतंय?" चहा अर्धा असतानाच त्याला उठवला.

शेवटी एका कचेरीत मार्ग निघाला. गाडीचा नाही, पण पाहुण्याला इजा झाली तर भरपाई देणारा विमा मिळेल. अटी होत्या. फिरायच्या वाटेला कुंपण हवं, हेल्मेट आणि पट्टा हवा, गाडी कुंपणाबाहेर जाता कामा नये. साहेब स्वतः बघायला येणार होते.

एव्हाना आम्ही माळावरच राहायला आलो होतो. आता आमच्या गावाची रीत अशी, की एकाच्या दारात चाक आलं म्हणजे ते भावकीच्या दारात आलं. किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला. कोणी दुधाचे कॅन नेई, कोणी खताची पोती. वरच्या वाडीतल्या माझ्या चुलत सासूबाईंना डांबरी रस्त्यापर्यंत दवाखान्याला तीच गाडी आणत होती. विचारून नेणं म्हणजे परकेपणा, आणि नाही म्हणणं तर विचारूच नका.

साहेब आले त्या दिवशी भावकीत लग्न होतं. आम्ही त्यांना कुंपण दाखवलं, हेल्मेटं दाखवली. "गाडी?" त्यांनी विचारलं. मी शेडकडे बघितलं. शेड रिकामी. तेवढ्यात खालच्या डांबरी रस्त्यावर बँड वाजला. गाडीला झेंडूच्या माळा, आत मुंडावळ्या बांधलेला नवरदेव, शेजारी करवली आणि पिंजऱ्याला लटकलेले त्याचे मित्र. एकाच्याही डोक्यावर हेल्मेट नाही, फेटे मात्र सगळ्यांच्या.

साहेबांनी बॅगेची चेन ओढली. ह्यांचा तर चेहराच पडला. "भावकीतलं लगीन हाय साहेब, न्हाई कसं म्हणायचं?" अख्खी तुकडी एका आवाजात उभी करणारा हा माणूस! मला हसू येईना आणि रडूही येईना. साहेब एवढंच म्हणाले, "ज्याला नाही म्हणता येतं त्याच्याकडे किल्ली द्या, मग मला बोलवा."

ह्यांनी लगेच माझ्याकडे बघितलं.

तेव्हापासून किल्ली माझ्या कमरेला. दूधवाल्याला नाही, खतवाल्याला नाही, सख्ख्या दिरालाही नाही. "वैनी लय कडक हाय" हे माझ्या पाठीमागे आणि नंतर तोंडावरही ऐकलं. ऐकून घेतलं. विमा आला, शनिवार-रविवारी पाहुणे यायला लागले, हे पहाटे उठून गाडी धुताना शीळ घालायला लागले. सगळ्या गावाचं वाईटपण मी एकटीनं घेतल्याचं त्यांच्या गावीही नव्हतं. पण शीळ ऐकली की माझा राग निम्मा व्हायचा.

यंदा पावसाळ्यात, आठवड्याच्या मधल्या एका दिवशी, एकही पाहुणा नव्हता. मी दारात तांदूळ निवडत होते. वरच्या वाडीच्या चिखलातून चौघेजण बांबूला घोंगडं बांधून खाली येताना दिसले. पुढे माझा दीर. घोंगड्यात तापानं फणफणलेल्या चुलत सासूबाई. आमच्या फाटकावरून ते तसेच पुढे निघाले. आत शेडमध्ये गाडी धुऊनपुसून उभी होती.

मी धावत गेले. "अहो, गाडी होती की! मागायची नाही का?"

"तुमी न्हाई म्हणला असता," दीर म्हणाला.

"आजारी माणसाला?"

"आमाला कसं कळायचं, वैनी? तुमी कवा कुणाला व्हय म्हणलाय?"

तो चिडून बोलला असता तर मी भांडले असते. तो अगदी साधं बोलला. मी कमरेची किल्ली सोडून पुढे केली. कोणी बांबू खाली टेकवला नाही. हे घरातून अनवाणीच आले आणि मागच्या दमलेल्या माणसाच्या जागी उभे राहिले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

घोंगड्यातून सासूबाईंनी हात बाहेर काढला आणि माझी मूठ किल्लीसकट मागे लोटली.

"ऱ्हाऊ दे गं बाई. पावन्यांची गाडी हाय ती, आपली न्हवं."