झांकीच्या दिवसांतली हजेरी

मी मिलमध्ये टाइमकीपर होतो. फाटकाजवळच्या फळ्यावर प्रत्येक कामगाराने आत येताना आपला पितळी बिल्ला स्वतः लावायचा आणि त्यावरून मी हजेरी मांडायची, अशी पद्धत होती. माझ्या रजिस्टरात खाडाखोड नसे. त्याचा मला अभिमान होता.

अपवाद एकच. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत आमच्या मिलची झांकी, म्हणजे देखाव्याचा रथ, निघे. आधीचे पंधरा दिवस काही निवडक कामगार साच्यावर, म्हणजे मागावर, न जाता झांकीचे काम करीत. ते केव्हा येत, केव्हा जात, कोणी विचारीत नसे. त्यांचे बिल्ले सकाळी मीच लावी. साहेबांनाही ते ठाऊक होते.

त्यांच्यातला एक विणकर परदेशीपुऱ्यात आमच्याच गल्लीत राहत असे. बोलका माणूस.

"बाबूजी, अपन तो लंका बना रहे हैं. साचे पे हनुमान को भेज दूँ?"

मी हसून त्याचा बिल्ला लावी.

त्याच दिवसांत एका दुपारी शेजारची सात वर्षांची मुलगी साबण आणायला दुकानात गेली, ती परतली नाही. तिचे वडीलही झांकीवर होते. पुढे वस्तीतली आणखी दोन मुले अशीच नाहीशी झाली. एकाचाही पत्ता लागला नाही.

मिल बंद पडली. त्यानंतर वर्षभराने तो विणकर परगावच्या बसस्टँडवर दुसऱ्याच्या मुलासह पकडला गेला. गुन्हा शाबीत होऊन त्याला शिक्षा झाली. मग पोलिसांनी आमच्या वस्तीतली जुनी प्रकरणे काढली. मिल बंद पडल्यापासून जुनी रजिस्टरे माझ्याकडेच होती. इन्स्पेक्टर घरी आले.

"उस दिन ये ड्यूटी पे था?"

मी पान दाखविले. हजर.

"आपने खुद देखा था?"

"रजिस्टर मेरे हाथ का है."

हे त्यांच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. त्यांनी मात्र ते उत्तर मानले आणि त्या मुलीच्या प्रकरणातून त्याचे नाव वगळले. झांकीची पद्धत मी सांगितली नाही. ती सांगितली असती तर माझे प्रत्येक पान खोटे ठरले असते. मला तेवढेच दिसत होते.

दुसऱ्या दिवशी मुलीची आई आली.

"भाऊजी, सच सांगा. तो त्या दिवशी मिलमध्येच होता न?"

"होता."

"मग पोरगी दुसऱ्या कुणाबरोबर गेली असेल. येईल."

तिचे दार दिवसभर उघडे असे. पुढे तिचे यजमान वारले, तरीही असे.

बऱ्याच वर्षांनी तो विणकर तुरुंगात मेल्याचे कळले. तेव्हा मी पोलीस ठाण्यात जाऊन सगळे सांगितले. तिथला तरुण अधिकारी म्हणाला, "अब किससे पूछें, दादाजी?"

मग मी तिच्याकडे गेलो. ती तांदूळ निवडीत होती. त्या दिवशी त्याचा बिल्ला मी लावला होता, तो आला की नाही हे मी पाहिले नव्हते, एवढे मी सांगितले.

"ठाऊक होतं," ती म्हणाली. "यांचा बिल्लापण तुम्हीच लावत होते न त्या दिवसांत. हे तर घरी झोपलेले होते."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्ही 'होता' म्हणालात. तेवढ्यावर मी इतके दिवस काढले. आता कशाला आलात?"

मी बाहेर पडलो. मागे दाराला कडी लागली. दुपारचे तीन वाजले होते.