शेवंतीताईंच्या यादीवरच्या खुणा

शेवंतीताईंचे डोळे चांगले आहेत. डॉक्टरांनी तपासून तसं सांगितलं, आणि मीही स्वतः पाहिलं आहे. तरीही गेला दीड महिना त्या असं धरून चालल्या आहेत की आपली नजर गेली, आणि त्यामुळे आपल्या हातून एका मुलीच्या घरी नको ती वस्तू नको त्या दिवशी पोचली. तसं झालं ते माझ्यामुळे. हे त्यांना माहीत नाही. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, टीव्हीपुढे बसले असताना, माझ्या डोक्यात दुसरं काही येत नाही. घर झोपलं आहे. लिहून काढलं तर निदान ओळीने दिसेल, म्हणून लिहायला बसले आहे.

शेवंती राजेश धुरी आमच्याच सेक्टरमध्ये, चारकोपला, मागच्या गल्लीतल्या बैठ्या घरात राहतात. सासरे गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा हे सगळे लालबाग सोडून इकडे आले. राजेशभाऊ इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये प्लास्टिकच्या मशीनवर आहेत, आणि शेवंतीताई सव्वीस वर्षं फक्त तान्ह्या बाळांचे कपडे शिवतात. झबली, टोपडी, दुपटी, आणि बारशाला बाळाच्या डोक्यावरून पाठीवर सोडतात ती गोट लावलेली कुंची. कुणी ब्लाउज घेऊन आलं तर दारातूनच परत. एकदा मी विचारलं, एवढं काम का सोडता? तर म्हणाल्या, "मोठी माणसं जाडी होतात नि भांडायला येतात, वहिनी. बाळ भांडत नाय."

त्यांचा एक नियम होता. बाळ जन्माला आल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही. कापड आधी आणून द्या, रंग सांगा, जुन्या सुती साड्या ठेवून जा, काही हरकत नाही. पण कात्री लागणार ती हॉस्पिटलमधून फोन आल्यावरच. सेक्टरमधल्या कितीतरी बाळांच्या आत्यांना बातमी कळायच्या आधी ती शेवंतीताईंना कळलेली असायची. मग दहा-अकरा दिवस त्यांच्या मशीनचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत यायचा, आणि बारशाच्या आदल्या दिवशी कुंची तयार. माझ्या केयूरचीही त्यांनीच शिवली होती.

केयूर माझा मुलगा, चोवीस वर्षांचा. सांताक्रूझच्या ज्या कंपनीत होता तिथून अर्ध्या लोकांना एका दिवसात घरी पाठवलं, त्यात हा एक. नऊ महिने घरी होता. त्याचे वडील, विद्याधर, सकाळी डबा घेऊन निघताना "साहेब उठलेत का?" एवढंच विचारायचे, पण ते त्याच्या खोलीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. मी त्याच्या बंद दाराशी उगाच झाडू मारत राहायचे. बाथरूममध्ये त्याला जरा जास्त वेळ लागला की गीझर बंद केलास का, असं काहीतरी विचारून दार ठोठावायचे. ज्या आयांची मुलं अशी घरी बसली आहेत त्यांना मी काय म्हणते ते समजेल.

शेवंतीताईंचं ऑनलाइन दुकान काढायची कल्पना माझी. केयूरला वेबसाइट येतात, त्यांच्याकडे माल आहे, मला वाटलं दोघांचंही भलं होईल. खरं सांगायचं तर दोघांचं हे मी मागून जोडलं. माझ्या डोळ्यांसमोर एकटा केयूर होता. शेवंतीताईंना तेही कळलं होतं. "मला काय गरज नाय," त्या म्हणाल्या, "पण पोराच्या हाताला काम होतंय ना? मग काढा दुकान."

पोरगं कामाला लागलं. त्यांच्या घरात जमिनीवर लॅपटॉप मांडून बसायचं. पांढरा कार्डशीट भिंतीला टेकवून, त्यावर बाहुलीला कुंची घालून फोटो काढायचं. शेवंतीताई बाहुलीचा चेहरा बघून हसायच्या.

"ह्या मेमसाहेबाचं बारसं कधी रे?"

"काकी, हलू नका, सावली येतेय."

"सावली येऊ दे. बाळाच्या अंगावर आईची सावली असतेच."

त्याला कितीतरी महिन्यांनी हसताना मी ऐकलं. मी स्वयंपाकघरात जाऊन पदर डोळ्यांना लावला होता, हेही लिहून ठेवते, कारण पुढे मी जे केलं ते त्या हसण्यासाठी केलं.

शेवंतीताईंनी एकच अट घातली. ऑर्डर करताना बाळाची जन्मतारीख विचारायची, आणि तारीख नसेल तर ऑर्डर घ्यायची नाही. केयूर म्हणाला, काकी, लोक आता डोहाळजेवणालाच भेट देतात, बाळाची वाट कोण बघतं? त्यांनी मशीनवरून मान वर केली नाही. "रिकाम्या हातानं घरी आलेल्या बाईच्या दारात माझी कुंची जाता कामा नाय. तुला कळायचं नाय ते. तारीख विचार." केयूरने तो रकाना टाकला. भरल्याशिवाय पुढे जाताच यायचं नाही.

पहिल्या महिन्यात दोन ऑर्डर आल्या, त्यातली एक माझ्या मावसबहिणीची. केयूरने मला स्क्रीनवर दाखवलं, लोक येतात, रंग निवडतात, पत्ता भरतात, आणि जन्मतारखेपाशी आले की निघून जातात. "वाट लागली यार," असं पुटपुटून त्याने लॅपटॉप मिटला. दुसऱ्या दिवशी दार पुन्हा अकरापर्यंत बंद.

त्या संध्याकाळी मी त्याला सांगितलं, काढून टाक तो रकाना.

"काकींना विचारलंस?"

"विचारलं. हो म्हणाल्या."

मी विचारलं नव्हतं.

मी बी.ए. आहे, मानसशास्त्र घेऊन. बाळाच्या आधी कपडे आणले तर अपशकुन होतो हे मी मानत नाही, आणि शेवंतीताईंचा नियम मी त्याच पिशवीत टाकून दिला होता. जुन्या वळणाची बाई, दुसरं काय! त्या काय म्हणाल्या होत्या ते शब्द मी ऐकले होते, पण त्यांचा अर्थ लावायची मला गरज वाटली नाही.

ऑर्डरी इंग्रजीत यायच्या, म्हणून मी त्या मराठीत कागदावर उतरवून शेवंतीताईंना द्यायचे. नाव, गाव, रंग. आमचं ठरलं होतं की तारीख बघून, ज्यांचं बाळ झालंय त्यांच्या नावापुढे मी बरोबरची खूण करायची. कुणी पुढची, अंदाजाची तारीख टाकली तर खूण नाही, आणि ते नाव त्या थांबवून ठेवणार होत्या. रकाना काढल्यापासून कुणाचं बाळ झालंय, कुणाचं नाही, हे कळायला मार्गच नव्हता. मी सगळ्या नावांपुढे खुणा करत गेले. पहिल्या दिवशी हात अडखळला. नंतर अडखळला नाही.

"एवढी सगळी बाळं एकदम झाली?" शेवंतीताईंनी विचारलं होतं.

"पूर्ण महाराष्ट्रातली आहेत, ताई."

"तसं असेल मग," म्हणाल्या, आणि बोट ओलं करून कागद उलटला. माझ्यावर विश्वास न ठेवायचं त्यांना काही कारण नव्हतं. पार्सल गेलं की यादी फाडून टाकायची त्यांची सवय. म्हणायच्या, लोकांच्या लेकरांची नावं अशी पडून राहू नयेत.

दुकान चाललं. कुरियरवाला रोज गल्लीत येऊ लागला. शेवंतीताई रात्रीचं जेवणसुद्धा मशीनशेजारी घेऊन बसू लागल्या. आणि केयूरने पुण्याच्या एका कंपनीच्या मुलाखतीत हेच दुकान दाखवलं. लोक शेवटच्या पायरीवरून का परत जात होते आणि त्याने काय बदल केला, हे त्याने तिथे समजावून सांगितलं म्हणे. त्यांना ते फार आवडलं. त्याला नोकरी लागली. मी सोसायटीत पेढे वाटले. पहिला पेढा शेवंतीताईंना दिला.

तो पुण्याला गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात नाशिकहून फोन आला. पाकिटावर शेवंतीताईंचाच नंबर असतो, म्हणून फोन त्यांनाच गेला. मी तिथेच नवीन यादी घेऊन बसले होते. निधी नावाची मुलगी होती. सातव्या महिन्यात तिने हौसेने कुंची मागवली होती. आठव्यात बाळ गेलं. हॉस्पिटलमधून घरी आली त्याच दुपारी दारात पार्सल. ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "काकू, हे परत घ्याल का? घरात ठेवता येत नाही आणि टाकताही येत नाही."

शेवंतीताई तिला काय म्हणाल्या ते मला नीट आठवत नाही. "माझी चूक गो बाय, माझीच चूक," एवढं आठवतं. फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या.

"खूण नसलेलं नाव मी घेतलं, वहिनी. माका दिसलाच नाय. काय झाला माझ्या डोळ्यांका?"

तेव्हा मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, "होतं असं, ताई. वय होतंय आपलं."

मीच त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. काय पण माझी काळजी! डॉक्टर म्हणाले, वाचायचा चष्मा आहे तोच ठीक आहे, मोतीबिंदू वगैरे काही नाही. शेवंतीताईंनी रिक्षात मला सांगितलं, "त्याला काय कळतंय? त्याच्या मशीनला माझं चुकलेलं दिसतं काय?" आठवड्याने नाशिकची कुंची परत आली. त्यांनी ती टाकली नाही. दिवेलागणीच्या वेळी, दिवा न लावता, उंबऱ्यावर बसून त्यांनी तिचा टाका न् टाका उसवला. कापडाला कुठे एक छिद्र पडलं नाही. मी समोर उभी होते. असे डोळे माझे विशीतही नव्हते. मी तेव्हाही काही बोलले नाही.

मनाला मी कारणं पुष्कळ सांगितली. केयूरला कळेल की आपली आई खोटं बोलली, आणि ज्या कामावर त्याला नोकरी लागली त्या कामात काय होतं. नवीन नोकरी, नवीन गाव, पुन्हा त्याचं मन खचलं तर? मुलाचं नाव पुढे केलं की आईला काहीही लपवता येतं, हे मला या दीड महिन्यात कळलं.

शेवंतीताईंनी शिवणं सोडलं. हॉस्पिटलमधून फोन येतात, त्या "आता नाय जमत" म्हणून ठेवून देतात. गेल्या सोमवारपासून इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये बाटल्यांची झाकणं पिशव्यांत भरायला जातात. परवा वाटेत भेटल्या. "बरं आहे तिथं," म्हणाल्या, "डोळे मिटूनपण भरता येतात." आणि आज संध्याकाळी राजेशभाऊ आमच्या गेटपाशी भेटले. म्हणाले, शिलाई मशीनला गिऱ्हाईक मिळालंय, गोराईचा माणूस सकाळी टेम्पो घेऊन येतोय. "वहिनी, तुम्ही जरा समजवा तिला, विकू नको म्हणून. तुमचं ऐकते."

माझं ऐकते!

केयूरला आधी सांगावं, मग तो म्हणेल तसं करावं, असं जेवताना ठरवलं होतं. आता वाटतं, तीही पळवाटच. तो म्हणेल, आई, मी बोलतो काकींशी, आणि मी पुन्हा त्याच्या मागे उभी राहीन. खुणा माझ्या हातच्या आहेत. सगळं ऐकून त्या मशीन ठेवतील की विकतील मला माहीत नाही. माझ्याशी पुन्हा बोलतील असंही नाही. पण विकलं तर कशापायी विकतोय ते कळून विकतील, आणि आपले डोळे आपल्याला परत मिळाले एवढं तरी घेऊन झाकणं भरायला जातील.

पाचला त्यांच्या नळाला पाणी येतं, तेव्हा त्या उठतात. आत्ता चार वाजून चाळीस झाले आहेत. वीस मिनिटं थांबले तर मला एखादं कारण नक्की सापडेल, म्हणून आत्ताच त्यांना उठवायला निघाले आहे.