मोर्शीच्या गंगूबाईचं झाड

धर्मपालभाऊंनी बावीस वर्षं रेडिओवर शेतकऱ्यांच्या पत्रांना उत्तरं दिली, आणि त्या शेतकऱ्यांतली एक बाई निव्वळ त्यांच्या डोक्यातून निघालेली होती. झालं असं की पहिल्याच बुधवारी एकही पत्र आलं नाही. मग काय करता? "मोर्शीहून गंगूबाई विचारतात," असं भाऊंनी ठोकून दिलं. बाईच्या अंगणात संत्र्याचं झाड उभं केलं, त्याची फळं गाळली आणि वर उपायही सांगितला. पुढे पत्रं कमी पडली की गंगूबाई हजर. झाडाला डिंक्या झाला, खोडकिडा लागला, मुळं सडली. एवढं सोसून ते जिवंत कसं, हे आमच्या वऱ्हाडातल्या एकाही शहाण्याने विचारलं नाही.

भाऊ निवृत्त झाल्यावर चार वर्षांनी अकोल्यात त्यांचा सत्कार ठरला. नवा सदरा घालून, पौर्णिमावहिनींना घेऊन ते अमरावतीहून ऐटीत आले. शाल अंगावर पडते न पडते तोच शिवम नावाचा उत्साही संयोजक माईकवर म्हणाला, "मोर्शीच्या गंगूबाई आज आपल्यात आल्या आहेत."

भाऊंनी शालीच्या टोकाने मान पुसली. आता चारचौघांत अब्रू जाणार, तीही शाल पांघरून.

"घाम काहून येऊन राहिला तुमाले?" शेजारी बसलेल्या वहिनींनी विचारलं. भाऊ काय सांगतात, कपाळ!

साठी ओलांडलेली एक बाई पिशवी सावरत वर आली. "मले लिवता येत नाई," ती म्हणाली. "मी भाऊले कदी पत्र धाडलं नाई."

चपला कुठे काढल्या, ते भाऊ आठवू लागले.

"पन बुधवारच्या रेडिओत माह्यं नाव ये, अन् माह्या दारी तं झाडच नोयतं. लाज वाटली मले. मंग कलम आणून लावलं. हे जो रोग सांगत, त्याचा उपाव मी रोग याच्या आंधीच करत होती. इतक्या सालात पानाले कीड नाई लागली." तिने पिशवीतली संत्री भाऊंच्या पुढ्यात मांडली.

टाळ्या वाजल्या. सुटलो रे बाप्पा, असं भाऊंना झालं. पण बाई काही माईक सोडेना.

"तुमी रेडिओ सोडला, तवापासून झाडाचं कोणी इचारत नाई. औंदा फळं गळून राहिली. काय करू, सांगा."

भाऊंनी माईक घेतला, घसा खाकरला. "मोर्शीहून गंगूबाई विचारतात..." इतकं तोंडपाठ वाक्य, पण ते अर्ध्यावर सोडून भाऊ बाईकडे वळले. या खेपेला बाईने खरंच विचारलं होतं.