प्रमोदला एकच गाणं

मंडळी, जुन्या लॅपटॉपचा सर्व्हर करून घरची गाणी साऱ्यांच्या फोनवर ऐकवायला कोणतं सॉफ्टवेअर घेऊ, असं मी इथे विचारलं होतं. आज ठरलं. तुम्ही सुचवलेल्या तिन्ही सॉफ्टवेअरचा आवाज सारखाच होता. मी ते निवडलं ज्यात कोणाला काय ऐकू द्यायचं आणि कोणाला डाऊनलोड द्यायचं नाही, हे माणसागणिक ठरवता येतं.

कारण माझा चुलतभाऊ प्रमोद. बाबा आता नाहीत. वस्तीत त्यांनी गायलेल्या भीमगीतांच्या कॅसेटी मी महिनाभर बसून कॉम्प्युटरवर घेतल्या. प्रमोदनं त्या फायली मागून नेल्या आणि गायक म्हणून स्वतःचं नाव टाकून इंटरनेटवर चढवल्या.

आज मी साऱ्या नातेवाइकांना खाती दिली. प्रमोदलाही दिलं. दुपारी त्याचा फोन आला.

"ताई, मले एकच गाणं काहून दिसून राहिलं वं?"

"तेवढंच ऐक. तू कापलेला भाग त्यात आहे."

त्यात दुसऱ्या कडव्यानंतर बाबा थांबतात आणि म्हणतात, "प्रमोद, तू गाऊ नको रे. नुसत्या टाळ्या वाजव."

साऱ्यांच्या यादीत हेच गाणं मी सगळ्यात वर ठेवलंय. आत्यानं चारदा ऐकलं.

आणखी दोन गाण्यांत बाबा असेच थांबलेत. सांगा, तीही त्याला उघडून देऊ का?